दोन स्टारच्या रिव्ह्यूला उत्तर: डीबगरमध्ये मेमरी रँडमायझेशन डीफॉल्ट बंद का ठेवलंय

नमस्कार,

तुमचा रिव्ह्यू सपोर्ट टीमने माझ्याकडे पाठवला. 'आपल्या अभिप्रायाबद्दल आभारी आहोत' छापाचं उत्तर जाऊ नये म्हणून मीच लिहितोय.

ज्यांनी तो वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. तुमचा सी++ प्रोग्राम टर्मिनलवरून चालवला की जवळपास निम्म्या वेळा सुरुवातीलाच एरर देऊन बंद पडतो. लॅपटॉपवर आमच्या डीबगरमधून, म्हणजे प्रोग्राममधल्या चुका शोधायच्या साधनातून, चालवला तर अख्खी दुपार गेली तरी एकदाही पडला नाही. सहकाऱ्याने तोच बिल्ड, तोच डीबगर डॉकरमध्ये (प्रोग्राम वेगळ्या बंदिस्त डब्यात चालवायची सोय) वापरला, तिथे मात्र पडला. मग तुमच्या लक्षात आलं की लिनक्सवर आम्ही प्रोग्राम सुरू करताना ॲड्रेस रँडमायझेशन, म्हणजे एएसएलआर, बंद करतो (हल्लेखोराला अंदाज येऊ नये म्हणून दर रनला प्रोग्राम मेमरीत वेगळ्या जागी ठेवायची सोय). तुमचे आक्षेप तीन: डीबगरने प्रोग्रामचं वागणं बदलू नये, सुरक्षेची सोय न विचारता बंद करू नये, आणि विंडोजवर एक, लिनक्सवर दुसरं असेल तर 'क्रॉस-प्लॅटफॉर्म' म्हणवून घेऊ नये. मागणी एकच, रँडमायझेशन डीफॉल्ट चालू ठेवा.

डीफॉल्ट बदलणार नाही. पण तुमचा बग लपला हे शंभर टक्के खरं आहे. तो कसा लपला तेही तुम्ही रिव्ह्यूत दिलेल्या चार ओळींत सरळ दिसतं.

तुम्ही ऑब्जेक्टचा ॲड्रेस कास्ट करून (प्रकार बदलून) ३२ बिटांच्या इंटमध्ये, म्हणजे पूर्णांकात, आयडी म्हणून ठेवता, आणि पुढच्याच ओळीत 'आयडी शून्यापेक्षा लहान असेल तर एरर' अशी तपासणी आहे. ६४ बिटांच्या पॉइंटरचा, म्हणजे त्या ॲड्रेसचा, वरचा अर्धा भाग इथे कापला जातो आणि उरलेल्या भागातला सगळ्यात वरचा बिट चिन्ह ठरवतो. एएसएलआर चालू असताना तो बिट दर रनला नाणेफेक करतो, म्हणून तुमचे 'निम्म्या वेळा'. एएसएलआर बंद असताना एक्स८६-६४ लिनक्सवर छोट्या पीआयई प्रोग्रामचा (मेमरीत कुठेही बसू शकेल असा बनवलेला) हीप, म्हणजे चालताना मागितलेली मेमरी जिथून मिळते तो भाग, हेक्समध्ये (सोळाच्या पायात) ५५५५५५५५९०००च्या आसपास सुरू होतो. मुख्य थ्रेडने (प्रोग्राममधल्या कामाच्या मुख्य धाग्याने) मागितलेल्या लहान ऑब्जेक्टच्या ॲड्रेसचे शेवटचे आठ हेक्स अंक मग ५५५५९२ए० असे काहीतरी येतात. सुरुवात ५ने, म्हणजे सगळ्यात वरचा बिट ०, आकडा धन. हीप ७०० एमबीच्या घरात जाईपर्यंत तो धनच राहणार. तुम्ही दुपारभर काय, दिवाळीपर्यंत चालवला असता तरी पडला नसता. गंमत म्हणजे हाच ऑब्जेक्ट दुसऱ्या थ्रेडमध्ये बनवला असता, तर ग्लिबसीने (लिनक्सवरची मूळ सी लायब्ररी, मेमरी तीच वाटते) तो ७एफएफएफएफच्या वस्तीत नेऊन ठेवला असता, चिन्हाचा बिट कायम १ आला असता आणि प्रोग्राम आमच्याकडे दर वेळी, न चुकता पडला असता.

डॉकरचं कोडंही यातच सुटतं. एएसएलआर बंद करायला डीबगर लिनक्सचा पर्सनॅलिटी हा सिस्टिम कॉल, म्हणजे कर्नलला करायची विनंती, वापरतो. डॉकरचं मूळ सेककॉम्प प्रोफाइल (कोणते सिस्टिम कॉल चालतील याची यादी) या कॉलला मोजक्याच किमती देऊ देतं, आणि रँडमायझेशन बंद करणारी किंमत त्यांत नाही. जीडीबी हा लिनक्सवरचा प्रचलित डीबगर अशा वेळी 'एरर डिसेबलिंग ॲड्रेस स्पेस रँडमायझेशन' अशी ताकीद देऊन पुढे जातो. आमचं लिनक्सचं इंजिन जीडीबीच आहे, त्यामुळे सहकाऱ्याचा प्रोग्राम रँडम ॲड्रेसवरच चालला. ती पिवळी ओळ आमच्या कन्सोलमध्ये येते, आणि लाँच होताच खालच्या पट्टीत 'रँडमायझेशन: बंद' किंवा 'चालू' असंही दिसतं. 'कुठेच सांगितलेलं नाही' हे तुमचं वाक्य म्हणून मला पटलं नाही.

आता डीफॉल्टचं. जीडीबीत हे सेटिंग २००९ सालच्या ७.० आवृत्तीत आलं, तेव्हापासून लिनक्सवर रँडमायझेशन बंद हाच त्याचा डीफॉल्ट आहे. एलएलडीबी या दुसऱ्या डीबगरचंही टार्गेट.डिसेबल-एएसएलआर हे सेटिंग मुळात ट्रूच, म्हणजे रँडमायझेशन बंदच, असतं. तुमच्यासारखा बग लपू शकतो हे जीडीबीच्या मॅन्युअलमध्येच लिहिलंय. तरी त्यांनी डीफॉल्ट तसाच ठेवला, आणि मला तो योग्य वाटतो. कारण डीबगिंगचा बहुतेक वेळ दुसऱ्या, चौथ्या, दहाव्या रनमध्ये जातो. एका स्ट्रक्चरमध्ये कचरा कोण लिहितंय ते सापडत नाही, म्हणून तुम्ही त्याचा ॲड्रेस वहीत टिपता, प्रोग्राम पुन्हा सुरू करता आणि पहिल्याच ओळीपासून त्या ॲड्रेसवर वॉचपॉइंट लावता, म्हणजे तिथे कोणी लिहिलं की प्रोग्राम थांबतो. इनपुट तेच आणि थ्रेड एकच असेल तर दोषी ओळ हाती लागते. ॲड्रेस दर वेळी हलले तर ही युक्तीच संपली. दोन रनचे लॉग शेजारी ठेवून फरक बघायचा म्हटलं तर ओळन् ओळ लाल. आमच्या सपोर्टला येणाऱ्या तक्रारींमध्ये 'कालचा ॲड्रेस आज का चालत नाही' हा प्रश्न तुमच्या प्रश्नापेक्षा कितीतरी जास्त वेळा येतो, आणि तो विचारणारे बहुतेक विंडोजवाले असतात.

विंडोजवर वेगळं का, याचं उत्तर विंडोजच्या रचनेत आहे. तिथे बायनरी (तयार प्रोग्राम फाइल) कुठे लोड व्हावी हे मुख्यतः ती जोडून तयार करणाऱ्या लिंकरच्या डायनॅमिकबेस खुणेवर ठरतं. सिस्टिमच्या डीएलएलचे (सामायिक लायब्ररींचे) ॲड्रेस मशीन रीस्टार्ट होईपर्यंत तेच राहतात, ईएक्सईचा ॲड्रेसही बहुधा टिकतो, हीप आणि स्टॅक मात्र दर रनला हलतात. ईएक्सई कायम एकाच जागी हवी असेल तर डीबग बिल्ड डायनॅमिकबेस:नो लावून लिंक करा, ते आमच्या हातात नाही, तुमच्या बिल्ड स्क्रिप्टच्या हातात आहे. मॅकवर एलएलडीबी लाँच करतानाच कर्नलला सांगतो की सरकवू नको, म्हणून तिथे मुख्य प्रोग्राम बरोबर ४ जीबीच्या खुणेवर बसते. तिन्हीकडे एकसारखं दाखवायचं तर लिनक्स आणि मॅकला विंडोजइतकं गैरसोयीचं करावं लागेल. ती समानता मला नको.

सुरक्षेचं म्हणाल तर बंद होतं ते फक्त डीबगरने सुरू केलेल्या प्रोसेसचं आणि तिच्या पोटच्या प्रोसेसेसचं. मशीनवरच्या रँडमाइझ_व्हीए_स्पेसला, म्हणजे लिनक्सच्या सगळ्या प्रोग्रामना लागू होणाऱ्या सेटिंगला, आम्ही हात लावत नाही. इंटरनेटवर लोक तोच शून्य करायला सांगतात, तो मात्र कृपया करू नका.

तुमच्यासाठी आता एवढंच: लाँच सेटिंग्जमध्ये 'मेमरी रँडमायझेशन' चालू करा. हे प्रोजेक्टपुरतं लक्षात राहतं. मग 'पुन्हा चालवा' बटणाशेजारच्या बाणातून 'एरर येईपर्यंत चालवा' निवडा आणि त्या तपासणीच्या आत ब्रेकपॉइंट (प्रोग्राम थांबायची खूण) ठेवा. दुसऱ्या-तिसऱ्या रनला थांबेल. आयडीसाठी इंटऐवजी इंटपीटीआर_टी (अख्खा ॲड्रेस मावेल असा पूर्णांक) वापरला तर बग तिथेच मिटतो, पण तुमच्या कोडमध्ये असे कास्ट आणखी असतील अशी मला शंका आहे. 'इंट' शब्द शोधून एकदा नजर फिरवाच.

आधीच चालू असलेल्या प्रोसेसला अटॅच केलं, किंवा ग्राहकाकडून आलेली कोअर फाइल (प्रोग्राम पडला तेव्हाच्या मेमरीची प्रत) उघडली, तर हे सेटिंग लागूच होत नाही, तिथे ॲड्रेस जसे होते तसेच दिसतात. तुमच्या ग्राहकाकडून कोअर मिळत असेल तर ती सपोर्टला पाठवा, माझं नाव घालून. मी स्वतः बघतो.