जैन जेवण विचारता ना? मग फ्रीजही विचारा

आज दुपारी ऑफिसात एक वाक्य कानावर पडलं आणि डोकं सणकलं. "त्याला आता नको पाठवायला. त्याच्या काळजीपोटीच म्हणतोय."

तो म्हणजे टाइप १ डायबेटिस असलेला, रोज इन्सुलिन टोचावंच लागणारा आमचा इंजिनियर. मागच्या आठवड्यात पुणे-दिल्ली-गुवाहाटी असा गेला. पुण्यात विमानात चढताना 'वर जागा नाही' म्हणून त्याची केबिन बॅग काढून घेतली आणि खाली सामानात टाकली. बॅग दिल्लीतच राहिली. इन्सुलिन बॅगेत.

काळजी म्हणे! काळजी तिकीट काढताना कुठे गेली होती? सर्वांत स्वस्त तिकीट, दिल्लीत विमान बदलायला जेमतेम सव्वा तास, गुवाहाटीत उतरायला रात्रीचे दहा.

इन्सुलिन ट्रॉली बॅगेत ठेवायचंच नाही, केबिनच्यासुद्धा. अंगावरच्या छोट्या पाउचमध्ये इन्सुलिनचं पेन, सुया, ग्लुकोमीटर, पट्ट्या, ग्लुकोज पावडर आणि औषधाचं मूळ नाव (ब्रँडचं नव्हे) लिहिलेलं प्रिस्क्रिप्शन. चार दिवसांचा दौरा असेल तर आठ दिवसांचा साठा, तोही दोन ठिकाणी, आणि दोन्ही आपल्यासोबत. खालच्या सामानात बॅग हरवते एवढंच नाही, इन्सुलिन गोठूही शकतं. गोठून वितळलेलं कधीकधी दिसायला तसंच दिसतं, पण ते फेकायचंच.

आता गुवाहाटीची रात्र. एक दुकान उघडं, त्याच्या पेनात बसणारं कार्ट्रिज नाही. दुकानदारानं कुपी दिली आणि वर नारिंगी टोपीची सिरिंज. आपल्याकडच्या बऱ्याच कुप्या एका मिलिलिटरला ४० युनिटच्या असतात, त्यांना लाल टोपीची सिरिंज लागते. नारिंगी १०० युनिटवाल्या इन्सुलिनची. ४० च्या कुपीतून नारिंगी सिरिंजनं २० च्या खुणेपर्यंत भरलं तर शरीरात जातात फक्त ८ युनिट. उलटं झालं, म्हणजे १०० चं इन्सुलिन लाल सिरिंजमध्ये, तर २० ऐवजी ५०! मग साखर इतकी उतरेल की सकाळी उठायची खात्री नाही. पोरानं टोपीचा रंग बघितला आणि सिरिंज बदलून घेतली. कुणाला पाठवायचं नाही म्हणता, त्याला?

हो, प्रत्येकाचा आजार कंपनीला कसा कळणार, आणि लोक लपवतातही, मान्य. पण का लपवतात? दुपारच्या त्या वाक्यामुळेच.

आणि आजार विचारूच नका. आपल्या प्रवासाच्या फॉर्मवर व्हेज, नॉनव्हेज, जैन, खिडकी हे सगळं विचारतात, त्यात कुणाला संकोच वाटत नाही. त्याखाली एवढंच टाका : खोलीत फ्रीज, दुपारचं जेवण ठरल्या वेळी, पहाटेचं विमान नको, सोबत औषधं. टिक करायची, कारण द्यायचं नाही. पहाटेचं विमान अपस्मार असलेल्याला का नको? अपुऱ्या झोपेनं झटका येऊ शकतो. डायलिसिसवाल्याची त्या शहरातली वेळ आधी घ्यावी लागते, रिपोर्ट पाठवावे लागतात. दुबईला जाणाऱ्याच्या गोळ्यांत ट्रामाडॉल हे वेदनाशामक असेल तर आधी परवानगी काढावी लागते. हे दौऱ्याच्या आदल्या रात्री होत नाही.

फ्रीजचीही एक गंमत आहे. खोलीतली कार्ड-चावी काढली की बऱ्याच हॉटेलांत फ्रीजही बंद पडतो, आणि चालू असला तर मागच्या भिंतीला टेकलेलं इन्सुलिन गोठू शकतं. मधल्या कप्प्यात, पुढे ठेवायचं. वापरातलं पेन साधारण चार आठवडे बाहेर चालतं, ३० अंशांच्या आत. नेमके दिवस पेनाच्या चिठ्ठीवर असतात. फ्रीज लागतो तो जास्तीच्या साठ्याला. उन्हात उभ्या टॅक्सीत मात्र पाच मिनिटंसुद्धा नाही.

लिहिता लिहिता राग थोडा उतरला. ते वाक्य बोलणारे साहेब वाईट नाहीत, घाबरलेत. परक्या गावात पोरगं कोसळलं तर काय करायचं हे त्यांना कुणी सांगितलेलंच नाही. तर साहेब, घाम, थरथर, बोलण्यात गोंधळ दिसला की साखर मोजा. ७० च्या खाली असेल तर तीन-चार चमचे साखर पाण्यातून, पंधरा मिनिटांनी परत मोजा, वाढली नसेल तर पुन्हा तेवढीच. मीटर हाताशी नसेल तर शोधत बसू नका, साखर द्या. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन. आणि एकची मीटिंग तीनपर्यंत ताणायची नाही, हे तर तुमच्याच हातात आहे.

पण पुढच्या महिन्याच्या गुवाहाटीच्या यादीत त्याचं नाव नाही, आणि पॅनेलचं डिझाइन त्याचंच आहे. थेट विमान मिळत नसेल तर दिल्लीत तीन तास ठेवा, दुपारी पोचेल असं बघा, आणि तिकीट त्याच्याच नावानं काढा.