कांदा, गेल्या वर्षीचा भाव आणि शेतकऱ्याचा निर्णय
कांद्याचा भाव पडला की ‘शेतकऱ्याने विचार न करता कांदा लावला’ असा ठपका एका लेखात ठेवलेला वाचला; तो मला अन्यायकारक वाटतो. १९७८ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळवणारे हर्बर्ट सायमन यांनी मांडले होते की, माहिती, वेळ आणि आकलन मर्यादित असल्यामुळे माणूस सर्वोत्तम नव्हे, तर पुरेसा समाधानकारक पर्याय निवडतो. निफाड तालुक्यातील माझे मामा कांद्याचे रोप टाकण्याआधी, म्हणजे रोपांसाठी बी पेरण्याआधी, गेल्या हंगामाच्या विक्रीच्या हिशोबपट्ट्या काढून बसतात, कारण पुढचा भाव, शेजारच्या तालुक्यांतील लागवड किंवा निर्यातबंदी यांपैकी काहीच त्यांना आधी कळत नाही. दोनदा हात पोळल्यावर त्यांनी अर्ध्या रानात गहू घेतला. हे शिकणेच आहे, पण ते एका घरापुरते राहते. म्हणून किती रोप टाकले गेले, याचे तालुकावार आकडे लागवडीपूर्वीच बाजार समितीच्या फळ्यावर लागले पाहिजेत.