धनुष्यबाणाने नेपोलियन हरला म्हणे!

‘१८१२ मध्ये रशियाकडे कवायती घोडदळ नव्हतंच. धनुष्यबाणवाल्या कोसॅकांनी फ्रेंचांचा फडशा पाडला, उरलेले थंडीने मेले.’ हा मेसेज घरच्या ग्रुपवर कधीपासून फिरतोय. परवा भाच्याने तो जसाच्या तसा शाळेच्या प्रकल्पात उतरवला, म्हणून हा खटाटोप. १८१२ म्हणजे नेपोलियनची रशियावरची स्वारी, आणि कोसॅक म्हणजे झारच्या बाजूने लढणारे सीमाभागातले बिनकवायती घोडेस्वार.

घोडदळ नव्हतं? त्या वर्षी नुसत्या हुसारांच्या, म्हणजे हलक्या घोडदळाच्या, ११ रेजिमेंट होत्या, भालाईत उलानांच्या ५, आणि झारचं खास रक्षकदळ वेगळंच. मेसेजखालचं चित्रही हुसारचंच आहे. खांद्यावर टाकलेलं गोंडेदार जाकीट, कमरेला वाकडी तलवार. चिकटवणाऱ्याने ते निदान बघायचं तरी!

धनुष्यबाणाचा मुद्दा मात्र डोक्यात जातो. कोसॅकाचं मुख्य हत्यार लांब भाला, जोडीला तलवार आणि बंदूक किंवा पिस्तूल. घोड्याला पिटाळायला टाचेला आर नाही, हातात चाबूक. बाण मारायचे ते बश्कीर आणि काल्मिक, रशियाच्या बाजूने लढणाऱ्या गवताळ प्रदेशातल्या जमाती. त्यांनी किती फडशा पाडला, हे त्यांच्याशी लढलेल्या फ्रेंच कर्नल मार्बोलाच विचारा. १८१३ मध्ये जर्मनीतल्या लाइपझिगच्या लढाईत खुद्द त्याच्या मांडीत बाण घुसला होता. तरी आठवणींत तो लिहितो की, जगात यांच्याइतके कमी धोक्याचे सैनिक नसतील. कारणही देतो : सगळा घोळका, रांग अशी नाहीच. पुढच्यांना लागू नये म्हणून मागचे आभाळाकडे बाण सोडणार, आणि ते खाली येईपर्यंत त्यांतला जोर गेलेला. मार्बो पक्का बढाईखोर, त्याचं सगळंच खरं मानू नये. पण इथे तो सांगतो ते पटण्यासारखं आहे.

आणि कोसॅक काही एकटे लढत नव्हते. अख्तिर्का नावाच्या हुसार रेजिमेंटचा अधिकारी देनिस दाविदोव शत्रूच्या पिछाडीला गेला तो ५० हुसार आणि ८० कोसॅक घेऊन. त्याचा गणवेश बघून रशियन शेतकरी त्यालाच फ्रेंच समजून अंगावर धावून यायचे! शेवटी त्याने दाढी वाढवली, शेतकऱ्याचा अंगरखा चढवला आणि छातीवर संत निकोलसची तसबीर लटकवली.

थंडीचं म्हणाल, तर तेवढं अर्धं खरं, नाइलाजाने मान्य. बर्फावर न घसरणारे नाल नसल्याने परतीच्या वाटेवर घोडे कोसळत होते. पण नेपोलियनने रशियाच्या सरहद्दीवरची नेमान नदी ओलांडली २४ जूनला, ऐन उन्हाळ्यात. वैरण नाही, घोडे कोवळं हिरवं धान्य खाताहेत, त्यात धो धो पाऊस. पहिल्या काही दिवसांतच हजारो घोडे मेले. बर्फ पडायला लागलं तेव्हा कोसॅकांना हुसकावून लावण्याइतकं घोडदळ फ्रेंचांकडे उरलंच नव्हतं.