डॉक्युमेंटेशन लिहायचं नसेल, तर आधी टूल निवडा

राजेहो, तुमचं ओपन सोर्स, म्हणजे सगळ्यांना खुला कोड असलेलं प्रोजेक्ट, चालायला लागलं, अभिनंदन! वरूड तालुक्यात संत्र्याच्या बागेत बसून तुम्ही शेतपंपाचा मोबाईल स्टार्टर केला. ईएसपी३२ या छोट्या संगणकाचा बोर्ड, सिमवरून कॉल घेणारं सिम८०० चं मोडेम, मोटर चालू-बंद करणारे दोन रिले, आणि सगळा कोड गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर फुकट. मिस कॉल दिला की मोटर चालू. रात्रीच्या लाईनची पाळी आली की साप आणि रानडुकरं चुकवत धुऱ्याधुऱ्यानं विहिरीवर जायचं काम संपलं. आता शेजारच्या गावातून विचारणा होते, "भाऊ, हे जोडाचं कसं, कुठी लिहून हाय का?"

इथेच सांभाळा. एक साधी फाइल उघडून जोडणी लिहून टाकायचा मोह होईल. तसं केलंत तर विषय एका संध्याकाळी निपटेल आणि उरलेला उन्हाळा तुम्हाला खरोखर बागेलाच पाणी द्यावं लागेल. शहाणा माणूस आधी टूल निवडतो, म्हणजे लिहिलेल्याची साइट बांधणारं सॉफ्टवेअर.

पहिला वाद मार्कडाउनचा, म्हणजे साध्या खुणा टाकून मजकूर लिहायच्या पद्धतीचा, घ्या, तो कधी संपत नाही. जॉन ग्रुबरने २००४ साली मार्कडाउन आणलं, पण काटेकोर नियमावली दिली नाही. मग प्रत्येक टूलवाल्याने आपापला अर्थ लावला. २०१४ साली कॉमनमार्कवाल्यांनी हा गोंधळ मिटवायला एक नीट व्याख्या लिहिली. तेव्हापासून एक आणखी प्रकार मोजायला मिळाला. तेव्हा मार्कडाउन, की तसल्याच आरएसटी किंवा आस्किडॉक या पद्धती, हा प्रश्न ग्रुपवर टाका आणि चहा प्या. ‘कशातही लिहा, पण कोडच्याच रेपोत (साठ्यात) ठेवा, म्हणजे कोड बदलला की तेही बदलता येईल,’ असं म्हणणारा एखादा निघतोच. त्याला ग्रुपमधून काढा किंवा ॲडमिन करा. दोन्हींचा परिणाम सारखाच, तो गप्प बसतो.

पुढे स्फिंक्स या साइट बांधणाऱ्या टूलचं नाव घ्या. जॉर्ज ब्रँडलने पायथनच्या डॉक्युमेंटेशनसाठी ते केलं, २००८ साली ते सगळ्यांसाठी बाहेर आलं, आणि २०१६ पासून लिनक्स कर्नलनेही, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यानेही, आधीचं डॉकबुक सोडून तीच वाट धरली. ‘कर्नलला चालतं, मग आपल्या स्टार्टरला काऊन नाही?’ या युक्तिवादाला उत्तर नाही. फक्त कर्नलची पानं किती आणि आपली किती, हा हिशोब कुणाला काढू देऊ नका. आपली तीन आहेत, त्यातलं एक आभाराचं.

एमकेडॉक्स या दुसऱ्या टूलपासून मात्र लांब राहा. एक सेटिंगची फाइल, एक फोल्डर, एक कमांड, आणि साइट उभी. ह्यूगोही तसलंच, एकच फाइल उतरवली की चालू. इतक्या लवकर काम होत असेल तर मीटिंग कशाची घ्यायची? त्यापेक्षा फेसबुकवाल्यांनी २०१७ साली खुलं केलेलं डॉक्युसॉरस बरं. ते बसवताना नोड या जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रणालीचे पॅकेज इतके उतरतात की दिवसाचा डेटा पॅक दुपारीच संपतो, आणि गावात लाईन गेल्यावर टॉवरही बॅटरीवर माना टाकतो, त्यामुळे उशिराचं खापर कुणाच्या डोक्यावर फोडायचं हा प्रश्न उरत नाही.

बसवलं, की रंगसंगतीकडे वळा. इथे घाई करू नका. डार्क मोड हवाच, कारण रात्री अकराला विहिरीवर उभा असलेला शेतकरी सगळ्यात आधी पानाची पार्श्वभूमी किती गडद आहे तेच पाहतो. लोगोत मोटर डावीकडे की संत्रं डावीकडे, यावर एक मतदान घ्या. डाव्या बाजूचा मेनू उघडझाप होणारा करा. मग डायाटॅक्सिस या मांडणीच्या पद्धतीचे चार कप्पे पाडा: धडे, कृती, संदर्भ, विवेचन. विचार उत्तम आहे, जगभर लोक वापरतात. चारही कप्प्यांत ‘लवकरच येत आहे’ लिहिलं की साइट भरल्यासारखी दिसते.

आता एक गोष्ट, जी कुठेही लिहायची नाही. सिम८०० फक्त जुन्या टू-जी नेटवर्कवर चालतं आणि जिओकडे टू-जी नाहीच. तालुक्यातल्या कितीतरी खिशांत तेच सिम. माणूस पेटीत सिम टाकतो, मिस कॉल देतो, काही होत नाही. आणखी एक, सिम८००एल ला ३.४ ते ४.४ व्होल्ट लागतात, आणि नेटवर्क पकडताना क्षणभर दोन अँपिअरपर्यंत करंट ओढतं. ईएसपी३२ च्या बोर्डावरच्या पाच व्होल्टच्या पिनेला ते थेट जोडलं तर मोडेमचा जीव जाऊ शकतो, आणि ३.३ च्या पिनेवर जोडलं तर ते पुन्हा पुन्हा बंद-चालू होत बसतं. या दोन ओळी पहिल्याच पानावर वर असत्या तर अर्धे फोन आलेच नसते. म्हणून त्या लिहू नका. फोन येत राहिले पाहिजेत, नाहीतर प्रोजेक्ट जिवंत आहे हे कळायचं कसं?

फोनवर आवाज येईल, "लाईन तं आली ना भाऊ, मंग मोटर काऊन नाई उचलत?" त्यांना सांगा, काका, साइटवर जा, वरच्या कोपऱ्यात ‘व्हर्जन’ आहे, त्यात ‘लेटेस्ट’ नका निवडू, ‘स्टेबल’ निवडा. काका पुढे बोलणार नाहीत. स्टार्टरचं हिरवं बटण हातानेच दाबायला चप्पल घालतील.

पीडीएफ मागणारेही भेटतील. त्यांना स्टार्टरच्या पेटीच्या दाराला आतून चिकटवायला एक कागद हवा असतो: तीन फेजच्या तारा आर-वाय-बी कुठे, रिलेची कोणती तार कुठे, कुठलं सिम. मागणी फारच गावठी. ‘स्फिंक्समधून पीडीएफ काढतो’ म्हणा आणि निर्धास्त राहा. पीडीएफ बनवणाऱ्या नेहमीच्या पीडीएफलॅटेकला देवनागरी पेलत नाही. त्याऐवजी झीलॅटेक लावावं लागतं, फॉन्टचं नाव द्यावं लागतं, मग जोडाक्षरं बघावी लागतात. तोवर संत्र्याचा बहार निघून जातो. कुणी तोच कागद पेनाने लिहून झेरॉक्स काढला असेल तर त्याला आवृत्ती-नियंत्रण, म्हणजे बदलांची नोंद, नाही असं ठणकावून सांगा.

देखभालीचं काय? ती यंत्रावर सोपवा. दर बदलाला साइट आपोआप बांधली गेली पाहिजे, लिंका तपासल्या गेल्या पाहिजेत, वाक्यं तपासणारा लिंटर पाहिजे. यंत्र सगळं तपासतं, फक्त पिनेचा नंबर खरा आहे का ते तेवढं तपासत नाही. मागच्या खेपेला तुम्ही रिले पिन २६ वरून २७ वर नेला, साइटवर अजून २६ आहे, आणि ‘सगळं ठीक’ची हिरवी खूण मात्र पडलीच. मधेच एखादी सेवा नियमही बदलते. डॉक्युमेंटेशनच्या साइट बांधून ठेवणाऱ्या रीड द डॉक्सने २०२३ साली प्रत्येक प्रोजेक्टला कॉन्फिग (सेटिंगची) फाइल सक्तीची केली, आणि ज्यांनी ती ठेवली नव्हती त्यांचं साइट बांधणं अडलं. असं झालं की आनंद माना, दोन आठवड्यांचं काम हातात आलं.

आणि नवखे येतील त्यांची तयारी ठेवा. दिग्रसकडचा एखादा पोरगा बारावीच्या सुट्टीत पुल रिक्वेस्ट, म्हणजे बदल आत घ्यायची विनंती, पाठवेल. एकच ओळ: ‘सिम टू-जी चालणारं घ्या, जिओचं चालत नाही.’ लगेच मर्ज करू नका, म्हणजे आत घेऊ नका, सवय वाईट लागते. आधी विचारा की ही ओळ धडा आहे, संदर्भ आहे की विवेचन. कमिटचा, म्हणजे बदल नोंदवतानाचा, संदेश ठरल्या नमुन्यात नाही हे दाखवा. लिंटर लाल झाला आहे, तो आधी हिरवा कर म्हणा. नोडची जुनी आवृत्ती असेल तर नवी टाकायला सांगा, मग रीबेस, म्हणजे तोच बदल ताज्या कोडवर पुन्हा बसवणं. त्याने पंधरा दिवसांनी पुन्हा विचारलंच, तर प्रेमानं सांगा: बेटा, आपण लवकरच दुसऱ्या टूलवर जाणार आहोत, तोवर थांब.