आकड्यांपेक्षा विषयाची निवड

वार्तापत्राच्या पहिल्या वर्षात वाचक फारसे वाढले नाहीत, ही आपली खंत वाचली. जळगाव जिल्ह्यातील रावेरहून केळीविषयी साप्ताहिक वार्तापत्र लिहिताना मलाही वर्षभर आकड्यांनी अस्वस्थ केले; मात्र जळगावच्या केळीला २०१६ साली मिळालेल्या भौगोलिक मानांकनावर मेहनतीने लिहिलेल्या अंकाला एकही उत्तर आले नाही आणि केळीवर रोग आणणारा कुकुंबर मोझॅक विषाणू मावा किडीमुळे पसरतो, म्हणून रोगट झाडे उपटून नष्ट करावीत व बागेजवळ काकडीवर्गीय पिके टाळावीत, एवढेच सांगणाऱ्या घाईच्या अंकावर शेतकऱ्यांचे प्रश्न थांबेनात, तेव्हा माझी विषयनिवडच चुकत असल्याचे उमगले. आता मी दर आठवड्याचा हट्ट सोडून लागवड, निसवण (घड बाहेर पडणे), कापणी अशा बागेच्या टप्प्यांनुसार अंक काढतो.