गाडी चालू आहे का नुसती उभी?

भाच्याचं गाणं मागच्या रविवारी यूट्यूबवर आलं. शब्द त्याचे, आवाज त्याच्या मित्राचा, संगीत लॅपटॉपवर केलेलं. गाणं वाईट नाही, अंतऱ्याची चाल तर चांगलीच जमलीय. पण सव्वाचार मिनिटांच्या त्या व्हिडिओत एक काळी स्कॉर्पिओ आहे. सुरुवातीला ती धुरळा उडवत येते, थांबते, दार उघडतं, आधी बूट दिसतो. (हा बूट आजकाल सगळ्यांच्याच व्हिडिओत असतो. एकच बूट गावोगाव भाड्यानं फिरवतात की काय कोण जाणे.) त्यानंतर चार मिनिटं हिरो दाराला टेकून, डिकीला टेकून, टायरवर पाय ठेवून गातो. गाडी काही जागची हलत नाही.

घरी सगळ्यांना गोळा करून भाच्यानं तो व्हिडिओ टीव्हीवर लावला. आमच्या अण्णांनी पूर्ण बघितला. संपल्यावर चष्मा काढला, धोतरानं पुसला आणि विचारलं, "गाडी बंद पडली होती का रे?"

सगळे हसले. मी आणि भाच्यानं तेवढं एकमेकांकडं बघितलं. ते का, ते नंतर सांगतो.

अण्णांचं लातूरला ३४ वर्षं टू-व्हीलरचं गॅरेज होतं. पत्र्याचं शेड, समोर लिंबाचं झाड, झाडाला टांगलेले जुने टायर आणि कपाटावर एक ट्रान्झिस्टर. मी शाळेतून आलो की प्लग साफ करायचं काम माझ्याकडं. पॉलिश पेपरनं पॉइंट घासायचा, फुंकर मारायची, परत लावायचा. त्यामुळं गाडी असलेलं गाणं लागलं की माझं लक्ष आधी गाडीकडं जातं, हिरोईनकडं नंतर. बायकोला हे खोटं वाटतं, पण खरं आहे.

आणि इतकी वर्षं बघून माझं एक मत झालंय. गाण्यातल्या गाडीला काहीतरी काम पाहिजे. ती बिघडावी, पळावी, कुणाला तरी कुठंतरी न्यावी, निदान खडखड तरी करावी. नुसती धुऊन पुसून उभी केली तर तो फोटो झाला. त्यापेक्षा शोरूमच्या बाहेर उभं राहून बघितलेलं बरं.

'चलती का नाम गाडी' घ्या. १९५८ चा सिनेमा. रात्रीची वेळ, धो धो पाऊस, गॅरेजमध्ये किशोरकुमार झोपलेला आणि मधुबाला बंद पडलेली गाडी घेऊन एकटी आलेली. मग 'एक लडकी भीगी भागी सी' सुरू होतं. त्या गाण्याचा ठेका ऐका, सुरुवातच लोखंडावर लोखंड वाजल्यासारखी आहे. हातात पाना घेऊन हा माणूस गाडीभोवती नाचतो, खाली वाकतो, वर येतो आणि काम करता करता गिऱ्हाइकाची थट्टा करतो. तिकडं ती आधी चिडलेली, मग हळूहळू हसू दाबणारी. सचिनदेव बर्मनांनी गॅरेजमध्ये बसून चाल बांधली असेल असंच मला लहानपणी वाटायचं.

अण्णांना मात्र त्या सिनेमातलं दुसरंच गाणं प्रिय. मधुबाला दुरुस्तीचे पैसे न देताच निघून जाते आणि किशोरकुमार त्या पाच रुपये बारा आण्यांसाठी अख्खं गाणं म्हणतो. ट्रान्झिस्टरवर ते लागलं की अण्णा हातातलं काम थांबवायचे आणि भिंतीला खिळ्यावर अडकवलेल्या उधारीच्या वहीकडं बघून म्हणायचे, "ह्याला कळलंय." त्या वहीतली निम्मी नावं आजही आमच्याच गल्लीत राहतात. असो.

'आराधना' मधली जीप. १९६९. राजेश खन्ना उघड्या जीपमध्ये, सुजितकुमार चालवतोय, बाजूनं दार्जिलिंगची छोटी आगगाडी आणि खिडकीत शर्मिला टागोर. शर्मिलाबाई तेव्हा दुसऱ्या सिनेमात अडकल्या होत्या म्हणून त्यांचा भाग वेगळा, स्टुडिओत घेतला, ही गोष्ट आता सगळ्यांना माहीत आहे. मला त्यात वेगळीच गंमत वाटते. जीप आणि रेल्वे चार मिनिटं बरोबरीनं पळतात, ही काही कॅमेऱ्याची करामत नाही. तिथं रूळ रस्त्याला चिकटूनच जातात आणि दोन फूट रुंदीच्या रुळावरची ती गाडी चढावर सावकाशच चालते.

आम्हा लातूरकरांना हे समजावून सांगायची गरज नाही. आमची बार्शी लाइट रेल्वे अडीच फुटांचीच होती. कुर्डुवाडीहून यायची. चढावर खाली उतरायचं, बाभळीच्या आडोशाला जाऊन यायचं आणि पुन्हा आपल्याच डब्यात बसायचं, असं जुनी माणसं सांगायची. थोडं वाढवून सांगत असतील, पण फार नाही. आता ब्रॉडगेज झालं. तेव्हा कुणी जीप घेऊन बार्शी लाइटच्या बाजूनं गाणं केलं असतं तर राजेश खन्नाला दर दोन कडव्यांनी जीप थांबवून रेल्वेची वाट बघावी लागली असती.

'शोले'च्या दोस्तीच्या गाण्यावर आमच्या गॅरेजमध्ये खरोखरची भांडणं झालेली आहेत. धर्मेंद्र मोटारसायकलवर, अमिताभ साइडकारमध्ये. रस्ता फुटतो तिथं साइडकार सुटते, एका वाटेनं मोटारसायकल, दुसऱ्या वाटेनं साइडकार, आणि पुढं दोघं परत एकत्र. सगळं थिएटर टाळ्या वाजवायचं. अण्णांचं म्हणणं एकच: "साइडकारला चाक किती? एक. बोल्ट काढला की ती तिथंच कलंडणार. एका चाकावर कुठं चाललाय हा?" मी म्हणायचो, अण्णा, सिनेमा आहे. त्यावर ते म्हणायचे, सिनेमा असला म्हणून काय चाकं कमी-जास्त होतात का? पण गाणं लागलं की शेवटपर्यंत बघायचे. साइडकार सुटण्याच्या जागी दर वेळी "आता पड" म्हणायचे. पन्नास वर्षांत पडली नाही.

त्या गाण्यात गाडी दोस्ती दाखवत नाही, गाडीच दोस्ती आहे. एक चालवतो, दुसरा त्याच्या भरवशावर बाजूला बसतो, सुटले तरी जोडले जातात. अख्ख्या सिनेमाची गोष्ट तीन चाकांत सांगून टाकली. शेवटी कोण सुटतो आणि कोण मागं राहतो ते माहीत असताना पुन्हा बघितलं तर ते गाणं आनंदाचं राहत नाही.

'अंदाज'चं तसंच, १९७१. राजेश खन्ना, मागं हेमा मालिनी, किशोरकुमारचं ते यॉडलिंग. उद्याचं कुणाला ठाऊक असं गात गात वाऱ्यावर जातो आणि पुढं मोटारसायकलच्याच अपघातात जातो. 'मुकद्दर का सिकंदर'मध्ये अमिताभ मुंबईच्या रस्त्यांवरून जगण्यामरण्याचं तत्त्वज्ञान सांगत जातो. दोन्हीकडं डोक्यावर हेल्मेट नाही. आमचे एक पोलीसमित्र ही गाणी लागली की फक्त दंडाचा हिशोब करतात.

आता एक गाणं सांगतो जे सिनेमातलं नाहीच. 'हमारा बजाज'. १९८९. रविवारी सकाळी 'महाभारत' बघायला सगळी गल्ली एका टीव्हीसमोर, आणि त्या काळातली ही जाहिरात. तिच्यात नट नाही, नटी नाही. साधी माणसं आणि त्यांच्या स्कूटर. आमच्याकडं तिचा मान वेगळा होता, कारण १९८५ मध्ये बजाजचा कारखाना औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, वाळूजमध्ये सुरू झाला होता. शेतात पाणी नाही म्हणून घर सोडायचं तर पुण्या-मुंबईलाच जायचं, ही मराठवाड्याची रीत. वाळूजनं त्यातल्या काहींना अलीकडंच थांबवलं. माझा एक चुलतभाऊ तिथं लागला. दिवाळीला आला की जाहिरात लागल्यावर टीव्हीकडं बोट दाखवून म्हणायचा, "ही आपली." त्याच्या लाइनवर रिक्षा बनायच्या, पण एवढं कोण बघतंय.

बजाजची चेतक स्कूटर ज्यांनी चालवलीय त्यांना माहीत आहे, तिला रोज सकाळी एकदा आडवी करावी लागायची. कानाला धरल्यासारखं हँडल धरून आपल्या अंगावर कलती करायची, पेट्रोल कार्बोरेटरला पोचलं की सरळ उभी करून किक. दुसऱ्या, तिसऱ्या किकला निळा धूर. अख्ख्या भारतातले बाप सकाळी साडेनऊला स्कूटरपुढं असे वाकलेले असायचे. जाहिरातीत 'बुलंद भारत' म्हणतात तेव्हा मला ते वाकलेले बाप दिसतात. त्या जाहिरातीत ती आडवी करण्याची कसरत घेतली असती तर मी तिला शंभरपैकी शंभर दिले असते.

'धूम'बद्दल फार बोलायचं नाही. २००४ ला आला, पोरांनी सायलेन्सर काढले, आणि आमच्या पेपरांना एक शब्द मिळाला. आजही कुठल्याही जिल्हा पुरवणीत "धूम स्टाइलने मंगळसूत्र पळवले" ही बातमी असतेच. सिनेमातली हायाबुसा, बातमीतली बहुतेक स्प्लेंडर.

बाहेरच्या देशातली गाणी मला भाच्यानंच दाखवली. त्याच्यावर एवढं लिहितोय तर हे श्रेय त्याला दिलं पाहिजे. ओके गो नावाचा अमेरिकेतला बँड आहे. त्यांनी २०१२ मध्ये एका शेवरोलेला बाहेरून हात बसवले, वाळवंटात दोन मैलांच्या वाटेवर हजाराहून जास्त वाद्यं आणि वस्तू मांडल्या आणि गाडी पळवत पळवत गाणं वाजवलं. गाडी पियानोंना, गिटारींना, डब्यांना घासत जाते आणि सूर निघतात. तयारीला चार महिने, शूटिंगला चार दिवस. अण्णांना दाखवलं. ते म्हणाले, "किशोरकुमारनं पान्यानं केलं, ह्यांनी सगळ्या गाडीनं केलं." यापेक्षा चांगलं परीक्षण मी तरी वाचलेलं नाही.

मात्र माझं मत मोडीत काढणारं गाणंही त्यानंच दाखवलं. आर. ई. एम. या बँडचं, १९९३ चं 'एव्हरीबडी हर्ट्स'. टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओत ट्रॅफिक जॅम लागलाय. गाड्या नुसत्या उभ्या. आत बसलेल्या एकेकाच्या मनात काय चाललंय ते खाली अक्षरांत येत राहतं. शेवटी माणसं दारं उघडून बाहेर येतात आणि गाड्या तिथंच सोडून चालत निघतात. म्हणजे उभ्या गाडीलाही काम देता येतं, पण ती का उभी आहे ते बनवणाऱ्याला ठाऊक पाहिजे. आमच्या गंजगोलाईत १६ रस्ते येऊन मिळतात. दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी तिथं कॅमेरा घेऊन उभं राहा, माणसांच्या मनातलं खाली लिहायचीही गरज नाही. सगळे मोठ्यानंच बोलत असतात.

अजून एक बघा. या बहुतेक गाण्यांत हँडल पुरुषाच्या हातात. मधुबाला एकटी गाडी घेऊन आली हे १९५८ मध्ये केवढं मोठं होतं! त्यानंतर आपल्याकडं मला पटकन आठवते ती 'सैराट'ची आर्ची, २०१६. बुलेट चालवते, ट्रॅक्टर चालवते आणि त्याचं तिला काही विशेष वाटत नाही. ती बुलेटला टेकून उभी राहिली असती तर कुणाच्या लक्षात राहिली असती? तिकडं एम. आय. ए. या गायिकेनं 'बॅड गर्ल्स'मध्ये दोन चाकांवर तिरपी पळणारी गाडी दाखवलीय आणि वरच्या बाजूला स्वतः आरामात नखं घासत बसलीय. २०१२ चं गाणं, चित्रण मोरोक्कोचं. सौदीत बायकांना गाडी चालवायची परवानगी त्यानंतर सहा वर्षांनी मिळाली. माझ्या बायकोनं तो व्हिडिओ तीनदा बघितला आणि मग मला म्हणाली, "अहो, आपल्या स्कूटीचा ब्रेक कधी बघणार?"

भाच्याचं म्हणणंही ऐकून घेतलं मी. तो म्हणतो, "मामा, गाडी दिसली नाही तर पोरं पुढं ढकलतात. थंबनेलला स्कॉर्पिओ, बुलेट, थार काहीतरी लागतंच." खोटं नाही. गाडी दाखवायची हौस त्याच्या पिढीनं आणलेली नाही. २०१० मध्ये औरंगाबादेत एका दिवशी दीडशे मर्सिडीज विकल्या गेल्या होत्या, देशभर बातमी झाली होती. मराठवाडा मागास म्हणणाऱ्यांना ते उत्तर होतं म्हणे. त्या गाड्या पुढं कुठल्या रस्त्यांवर चालवल्या हा प्रश्न कुणी विचारला नाही.

आता ते राहिलेलं. शूटिंगला मी होतो. औशाच्या पुढं, रस्त्याच्या कडेला. गाडी भाच्याच्या मित्राच्या चुलत्याची. त्यांनी ड्रायव्हर बरोबर दिला होता, त्याला सूचना दोन: बॉनेटवर कुणी बसायचं नाही आणि डिझेल पोरांनी टाकायचं. मी गॅरेजवाल्याच्या सवयीनं ट्रिप मीटर शून्यावर आणला. सकाळी सातपासून साडेअकरापर्यंत त्यावर आठशे मीटर पडले. बाकी सगळा वेळ इंजिन बंद आणि गाणं मात्र गाडीच्याच स्पीकरवर चालू, वर हेडलाइट, कारण हेडलाइट लावल्याशिवाय म्हणे लुक येत नाही.

निघायच्या वेळी ड्रायव्हरनं चावी फिरवली. टक. परत फिरवली. टक. बॅटरी उतरली होती.

मी ड्रायव्हरला म्हटलं, चावी ऑन ठेव, क्लच दाब, दुसरा टाक, वेग आला की सोड. आठ पोरं मागं लागली. हिरोचे पांढरे बूट काळ्या मातीत रुतले, ड्रोनवाल्यानं ड्रोन माझ्या हातात देऊन खांदा लावला, आणि जोर एकदम लागावा म्हणून भाच्यानं आपल्याच गाण्याचं धृपद सुरू केलं. प्रत्येक समेवर धक्का. चौथ्या समेला स्कॉर्पिओ धूर टाकून उठली आणि सगळे तोंडावर पडता पडता वाचले. कुणाच्या तरी मोबाइलमध्ये हे चाळीस सेकंद आहेत. मी त्या दिवसापासून म्हणतोय, हेच टाक, बाकी काही नको.

तो म्हणतो, "मामा, चुलत्यानं बघितलं तर पुढच्या गाण्याला गाडी देणार नाही." अण्णांनाही अजून दाखवलेलं नाही.