फक्त दोनदा वापरलाय, दादा!

तुमच्या माळ्यावर एखादा जुना क्लाइंबिंगचा रोप पडला असेल, तर तो टाकून देण्याचा वेडेपणा करू नका. विका. गिऱ्हाईक मिळतं. गेल्या महिन्यात मीच होतो की गिऱ्हाईक! ४,५०० रुपये रोख मोजले आणि वर विकणाऱ्याच्या घरचा चहा-चिवडा खाऊन आलो. नवा साठ मीटरचा घ्यायचा तर १२-१४ हजारांना फोडणी, त्यामुळे परत येताना गाडीवर शीळ घालत होतो. आता शीळ बंद आहे, पण अनुभव पदरात आहे. सह्याद्रीत चढाईच्या जुन्या सामानाचा व्यवहार करू इच्छिणाऱ्या होतकरू मंडळींना तो फुकट वाटून टाकतो.

सुरुवात जाहिरातीपासून. ‘रोप विकणे आहे, ६० मीटर, डायनॅमिक, फक्त दोनदा वापरलेला.’ दोनदाच लिहायचं. एकदा लिहिलं तर लोकांना वाटतं, काहीतरी भानगड असणार, नाहीतर एकदाच वापरून कोण विकतं? तीनदा लिहिलं की ‘बराच वापरलाय की’ म्हणून भाव पाडतात. आजवर माझ्या पाहण्यात आलेला विकाऊ रोप झाडून सगळा दोनदाच वापरलेला आहे. मग लिंगाणा, तैलबैला, वानरलिंगी असल्या कड्या-सुळक्यांवर दर शनिवार-रविवारी जी जत्रा भरते ती कशाला लटकून वर जाते, देव जाणे.

विकण्याचं कारण विचारतात. ‘लग्न ठरलं’ सांगा. पुढे कुणी काही विचारत नाही.

फोटो लांबून काढावा. फुलाफुलांच्या चादरीवर रोपाची छान गुंडाळी, वर एक चकचकीत कॅरॅबिनर, म्हणजे रोप अडकवायची उघडझाप होणारी कडी, ठेवलेला. टोकं मात्र गुंडाळीखाली सारा. टोकाला कंपनीची पट्टी असते, तिच्यावर लांबी, जाडी, ईएन ८९२ हा मानक क्रमांक आणि एकेरी वापरायचा रोप म्हणून गोलातला १ असं सगळं छापलेलं असतं. ती पट्टी असलीच तर कापून टाका. नसली तर प्रश्नच मिटला. कुणी विचारलंच तर ‘टोक फिसकटलं होतं, मेणबत्तीवर जाळून घेतलं’ म्हणायचं. किती मीटर फिसकटलं होतं, हे कोण विचारतंय?

स्टॅटिक की डायनॅमिक, या सोवळ्याओवळ्यात तर अजिबात पडू नका. रोप म्हणजे रोप. एक पडणाऱ्याला ताणून झेलतो, दुसरा ताणतच नाही, एवढाच काय तो फरक. डायनॅमिकच्या चाचणीत म्हणे ८० किलोचं वजन पुन्हा पुन्हा पाडतात. निदान पाच वेळा तुटायचा नाही, पहिल्या पडण्याला बसणारा झटका १२ किलोन्यूटनच्या वर जायचा नाही आणि तो ४० टक्क्यांपर्यंत ताणला तरी चालतो. रॅपलिंगचा, म्हणजे रोपवरून खाली उतरायचा, आणि सामान ओढायचा स्टॅटिक पाच टक्केसुद्धा ताणत नाही. म्हणजे बघा, किती मजबूत! ‘ताणतच नाही सर, एकदम कडक माल’ असं सांगून लीड करणाऱ्या, म्हणजे सगळ्यांत पुढे चढणाऱ्या पोराच्या गळ्यात बांधा. पडला तर झटका रोप खात नाही, त्याची कंबर खाते, रोप कड्याला ज्यात अडकवतात तो अँकर खातो. तोवर तुमचे पैसे खिशात आलेले असतात.

हार्नेसचं, म्हणजे कमरेला बांधायच्या पट्ट्याचं, लेबल टोचतं. उन्हाळ्यात फारच. म्हणून कात्रीने कापून टाकावं. त्याच लेबलावर बनवल्याचं साल असतं आणि नायलॉनची वस्तू अगदी कपाटात ठेवली तरी दहा वर्षांनी बाद करा असं बहुतेक कंपन्या सांगतात, हा निव्वळ योगायोग समजावा.

हेल्मेट घेऊ नका. केस बसतात.

कॅरॅबिनरबद्दल मात्र थोडं सांगायला हवं. चांगल्या कॅरॅबिनरच्या अंगावर तीन आकडे कोरलेले असतात: उभ्या बाजूने किती, आडव्या बाजूने किती आणि तोंड उघडं असताना किती. उभ्याने २२ किलोन्यूटन असेल तर ढोबळमानाने सव्वादोन टन, आडवा पडला की ७. म्हणजे तोच पोलादाचा किंवा अ‍ॅल्युमिनियमचा तुकडा नुसता कलला तर एक तृतीयांशावर येतो. हे वाचायला चष्मा लागतो. त्यापेक्षा फुटपाथवर ६० रुपयांना रंगीत मिळतात ते बरे. खंडाळ्याला नागफणीवर गेल्या थंडीत एका बॅचमधला पोरगा तसला निळा कॅरॅबिनर लावून कड्याच्या ओठावर उभा होता. सेफ्टी स्लिंगला, म्हणजे स्वतःला अँकरला अडकवून ठेवायच्या दोराला, हो. मी वाकून पाहिलं, तर त्यावर व्यवस्थित कोरलेलं: ‘नॉट फॉर क्लाइंबिंग’. त्याच्या इन्स्ट्रक्टरला बाजूला घेऊन दाखवलं. तो हसून म्हणाला, “काका, तो फक्त बॅकअपला आहे.”

बूट हवे तेवढे महाग घ्या. बेलपाड्याचा वाटाड्या हरिश्चंद्रगडाच्या नळीच्या वाटेत चपलेवर तुमच्या पुढे जाईल आणि वर पोचून तुमचे बूट कितीचे ते विचारेल. खरा आकडा सांगू नका, घरी जाऊन तो बायकोला सांगतो आणि दोघं हसतात.

परदेशातून मागवायचं म्हणाल तर अमेरिकेतला आतेभाऊ हवाच. माझा कोलोरॅडोत आहे आणि बर्फातल्या डोंगरांवर बॅककंट्री स्कीइंग करतो. हिमस्खलनात गाडलं गेलेलं माणूस शोधायला तिकडे प्रत्येकाच्या अंगावर बीकन, म्हणजे सिग्नल देणारं-पकडणारं यंत्र, असतो, सॅकमध्ये फावडं आणि बर्फात खुपसायची लांब काठी, प्रोब. निघण्याआधी सगळे एकमेकांचे बीकन चालतात का ते तपासतात. मी भारावून म्हटलं, वा, काय शिस्त! तो म्हणाला, कसली शिस्त, मागच्या वर्षी जुना बीकन घेतला, बॅटरीच्या खणात हिरवी बुरशी, आणि विकणारा म्हणत होता दोनच सीझन वापरलाय. तेव्हा हा दोनचा आकडा आंतरराष्ट्रीय आहे, असं दिसतं.

बरं, आता घेणाऱ्यांसाठीही दोन शब्द. पहिला प्रश्न ‘लास्ट किती?’ हाच असावा. रोप किती साली घेतला, कुणी वापरला, कुठे ठेवला, त्यावर कुणी मोठा फॉल घेतलाय, म्हणजे जोरात पडलंय का, हे विचारणं वाईट दिसतं. विकणाऱ्याला वाटतं आपल्यावर विश्वास नाही. हातात ६० हजारांचा फोन धरून रोपाच्या ५०० रुपयांसाठी अर्धा तास घासाघीस करावी, जमलं की त्याच फोनवर सेल्फी काढून ‘न्यू गिअर’ म्हणून टाकावा.

मीही काही विचारलं नाही. खोटं कशाला बोलू? वीसेक वर्षं डोंगरात जातोय, दुसऱ्यांना शिकवतो आणि त्या घरात जाऊन चार मीटर रोप चाळला, इतक्यात चहा आला. त्याच्या आईने विचारलं, “तुमच्या घरचे कसे हो सोडतात तुम्हाला?” मग गप्पा. अशा घरात बसून साठ मीटर रोप इंच-इंच दाबत बसणं बरं दिसत नाही ना! रोप गॅलरीतून आणला होता. गॅलरीत इन्व्हर्टर होता. रोप त्या इन्व्हर्टरच्या बॅटरीच्या डोक्यावर ठेवलेला होता. हे मी पाहिलं. पाहून चिवडा खाल्ला.

बॅटरीतल्या अ‍ॅसिडने नायलॉन मरतं आणि बाहेरून डाग दिसेलच असं नाही. हे मी स्वतः दर वर्षी नव्या पोरांना फळ्यावर लिहून देतो.

रविवारी सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये रोप मोकळा केला. धुवायचा होता. बादलीतलं पाणी पहिल्यांदा चहासारखं झालं, दुसऱ्यांदा चहासारखं, पाचव्यांदाही चहासारखंच. तळाशी वाळू बसली. ही वाळू कड्यावरची नाही. पावसाळ्यात धबधब्यात डोक्यामागे इतके रुपये घेऊन दिवसाला शंभर-शंभर माणसं रोपवरून खाली सोडतात ना, तिथली ही वाळू. ती आवरणातून आत शिरते आणि प्रत्येक वजनाबरोबर गाभ्याचे धागे कापत बसते. दोनदा वापरलेला म्हणजे दोन पावसाळे, हे तेव्हा लक्षात आलं.

मग बोटांत धरून हातभर-हातभर सरकवत गेलो. धड रोप दुमडला की त्याची गोल कमान होते. एकोणिसाव्या मीटरला दुमडला तर तो कागदासारखा चपटा मिटला. आवरण शाबूत, वरून एक धागा उसवलेला नाही, आणि आत बोटाला काहीच लागत नाही, उशीच्या कोपऱ्यात कापूस नसतो तसं. दोन-तीनदा दाबून पाहिलं. शेजारी गाडी पुसणारे काका म्हणाले, “काय हो, साप सापडल्यासारखं तोंड झालंय.”

लांबी मोजली. वॉचमनने एक टोक धरलं. बावन्न मीटर. भिजून-वाळून रोप आखडतो, मान्य. आठ मीटर? आणि हे आठ मीटर कुठून गेले तेही कळलं, कारण मधोमध असलेली काळी खूण आता मधोमध नव्हती. खुणेपासून एका बाजूला तीस मीटर भरले, दुसऱ्या बाजूला बावीस.

ज्यांना कळलं त्यांच्या पोटात आत्ता गोळा आला असेल. ज्यांना नाही कळलं त्यांच्यासाठी: सुळक्यावरून उतरताना रोप मधल्या खुणेवर अँकरच्या कडीत ओवतात आणि दोन्ही टोकं खाली सोडतात. संध्याकाळ झालेली, ढग आलेले, टोकं दिसत नाहीत. खूण मध्यावर आहे म्हणजे दोन्ही पदर सारखे, असं धरून माणूस उतरायला लागतो. यातला एक पदर आठ मीटर आखूड. टोकाला गाठ मारलेली नसली तर तो पदर त्याच्या डिसेंडरमधून, म्हणजे उतरायच्या साधनातून, सुळकन निघून जातो. संपलं. खाली काय ते दरीला माहीत.

हा रोप मी माझ्या भाचीसाठी घेतला होता. सोळा वर्षांची आहे. नुकतीच शिकायला लागली आहे, आणि मामा म्हणेल ते प्रमाण मानते. पुढच्या रविवारी ती त्या एकोणिसाव्या मीटरला लटकली असती.

उपरोध-बिपरोध गेला खड्ड्यात. अरे, लाज नाही वाटत? सायकल विकताय का तुम्ही? फ्रीज विकताय? फ्रीज बिघडला तर दूध नासतं. टोक तुम्ही कापलंत, कापायला हरकत नाही, सगळेच कापतात. पण मग जुनी खूण खोडायची, मध्य नव्याने आखायचा, नाहीतर निदान घेणाऱ्याला तोंडाने सांगायचं. पाच सेकंदांचं काम. जुन्या रोपात विकत घेण्यासारखी एकच गोष्ट असते, ती म्हणजे त्याचा खरा इतिहास. तोच तुम्ही कात्रीने कापून ठेवता, आणि उरलेल्या चिंधीचे साडेचार हजार घेता. धबधब्यात दोन सीझन पिळून काढलेले रोप आणि हार्नेस नवख्या पोरांना विकणारे तुम्ही, आणि बॅच चालवता म्हणून स्वतःला लीडर म्हणवून घेणारेही तुम्हीच. आणि माझ्यासारखे, सगळं कळत असून लाजेपोटी चहा पीत बसणारे, ते तुमच्याहून शहाणे असं मी म्हणत नाही. साठ मीटर चाळायला वीस मिनिटं लागतात. त्या माउलीला ‘काकू, जरा थांबा, आधी रोप बघतो’ म्हणालो असतो तर तिने काय हाकललं असतं?

फोन केला त्याला. शांतपणे सगळं सांगितलं: वाळू, बॅटरी, बावन्न मीटर, एकोणिसावा मीटर. तो म्हणाला, “सर, घेताना तुम्ही बघून घेतला होता ना?” मग जरा थांबून, उपकार केल्यासारखं, “बरं, परत द्या. पाचशे कापून चार हजार देतो. माझ्याकडे दुसरं गिऱ्हाईक आहे.”

चार हजार परत मिळत होते. मी घरी येऊन भाकरीच्या तव्याशेजारी सुरी तापवली आणि रोप कापायला बसलो. तापलेल्या सुरीने नायलॉन लोण्यासारखं कापलं जातं, वास मात्र भयंकर येतो. बायकोने खिडक्या उघडल्या. वॉचमनने कपडे वाळत घालायला मागितला, त्यालाही हातभराचेच तुकडे दिले, म्हटलं बांध एकमेकांना. त्याला वाटलं साहेबांचं काहीतरी बिनसलंय.

चौथ्या दिवशी विकणाऱ्याचा मेसेज आला. “सर, कापला असं कळलं. मोठे तुकडे असतील तर सांगा, स्लिंगसाठी चालतात.”